दर महिन्याला एक गाठ

१९५५ सालच्या जुलै महिन्यात स्कॉटलंडमधल्या रेनफ्रू गावी, बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या दारात दोन मोटारी येऊन थांबल्या. डिकीत होत्या बायकांच्या पोटातून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी. काही गर्भाशयातल्या, भरीव. काही अंडाशयातल्या, पाण्याने भरलेल्या. त्या घेऊन आले होते ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड. या कारखान्यात जाड पोलादाच्या आत कुठे चीर राहिली आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासायचं यंत्र होतं. पोलादाच्या पोटातलं कळतं, तर माणसाच्या पोटातलं का कळू नये, एवढाच डोनाल्ड यांचा प्रश्न. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक जंगी तुकडाही मागवून ठेवला होता. भरीव गाठीचे प्रतिध्वनी यंत्राच्या पडद्यावर एक तऱ्हेने उमटले, पाण्याच्या गाठीचे दुसऱ्या.

तीन वर्षांनी, जून १९५८ मध्ये, डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉक्टर जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन नावाचा तरुण इंजिनिअर यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यातली एक हकिकत पुढे फार गाजली. एका बाईला जठराचा कॅन्सर आहे, पोटात पाणी झालंय, आता शस्त्रक्रियेत अर्थ उरला नाही, असं ठरून गेलं होतं. नव्या यंत्राने पाहिलं तर पाणी पोटभर पसरलेलं नव्हतं. ते एका पिशवीत बंद होतं, आणि पिशवीला स्वच्छ कड होती. ती अंडाशयाची गाठ निघाली, साधी, कॅन्सर नसलेली. काढली, आणि बाई बरी झाली. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळ आठवतं. तिचा दबदबा आधी तयार झाला तो मात्र अंडाशयातल्या गाठीमुळे.

आज हे यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावीही आहे. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी असतेच (असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, तशी गरजही आपल्यालाच पडली होती). बाकावर चार-पाच बायका पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत, लघवी दाबून बसलेल्या. नंबर लागला की पोटावर गार जेल, त्यावरून फिरणारी ती मूठ, आणि अर्ध्या तासात हातात पडलेला कागद. त्यावर एक ओळ: ‘लेफ्ट ओव्हरी शोज अ सिंपल सिस्ट, ३.८ बाय ३.२ सेंमी.’ सिस्टची गाठ आणि गाठीचा कॅन्सर व्हायला रिक्षा घरी पोचेपर्यंतचा वेळ पुरतो.

मला मात्र त्या ओळीचं भयापेक्षा नवल वाटतं. कारण शरीरात पाण्याची गाठ दिसली की काहीतरी बिघडलंय असं आपण धरून चालतो, आणि अंडाशय हा असा अवयव आहे की पाण्याची गाठ तयार करणं आणि ती फोडणं हेच त्याचं दर महिन्याचं काम आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून साठ-सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्माला येईपर्यंत त्यातल्या दहा-वीस लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात त्या चारशे-पाचशे. बाकी सगळ्या आतल्या आत विरून जातात, काही गाजावाजा न होता. निसर्गाची एवढी उधळपट्टी क्वचितच कुठे दिसेल.

प्रत्येक अंडपेशीभोवती पेशींचं एक वेष्टन असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला पुटिका म्हणतात. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून निरोप येतो आणि पुटिकांचा एक घोळका वाढीला लागतो. आत पाणी साठायला लागतं. काही दिवसांत त्यातली एक पुढे निघून जाते आणि बाकीच्या मागे पडून आटून जातात. पुढे गेलेली फुगत फुगत सुमारे दोन सेंटिमीटरची होते. आत छोटा चमचाही पुरता भरणार नाही इतकं पाणी, आणि त्यात नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल अशी अंडपेशी. मग पियुषिकेकडून दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि साधारण दीड दिवसात पुटिका फुटते.

पण हे फुटणं फुग्यासारखं नसतं. त्या जागी चक्क सूज येते. रक्तवाहिन्या पाझरतात, भिंत विरघळवणारी रसायनं सुटतात, जखमेच्या जागी जे घडतं ते इथे मुद्दाम घडवून आणलं जातं. इतकं की सूज उतरवणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या नेमक्या त्या दिवसांत रोज घेतल्या, तर पुटिका फुटायची राहू शकते, हे प्रयोगांत दिसलं आहे. (पाळीत पोट दुखतं म्हणून दोन गोळ्या घेणाऱ्यांनी घाबरू नये. ते दिवस वेगळे, हे वेगळे.)

कधी कधी ती गोळ्यांशिवायच फुटत नाही. संप्रेरकाची लाट कमी पडते, वेळ हुकते, आणि पुटिका फुटायच्या ऐवजी वाढत राहते. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की तिला सिस्ट म्हणतात. सोनोग्राफीत ती काळीभोर दिसते, कारण ध्वनिलहरींना आत अडायला काही नसतं, त्यामुळे प्रतिध्वनी येत नाही. गंमत म्हणजे त्या काळ्या वर्तुळाच्या मागचा भाग नेहमीपेक्षा उजळ दिसतो, कारण पाण्यातून जाताना लहरींचा जोर खर्चच झालेला नसतो. काळं वर्तुळ, पातळ भिंत, मागे उजेड, ही खूण पटली की सोनोग्राफी करणारे डॉक्टर निवांत होतात. बहुतेक वेळा एक-दोन पाळ्यांत, फार तर तिसऱ्या पाळीपर्यंत, ती आपोआप जिरते.

फुटलेल्या पुटिकेचंही काम संपत नाही. तिच्या भिंतींतल्या पेशी पिवळ्या पडून तिथे पीतपिंड तयार होतो. दोन आठवड्यांचं आयुष्य असलेली ही एक स्वतंत्र ग्रंथीच. शरीरात वजनाच्या मानाने सर्वाधिक रक्तपुरवठा ज्या मोजक्या जागांना होतो, त्यात हा पीतपिंड येतो. साहजिकच कधी त्यात रक्त साचतं, आणि रिपोर्टात ‘हेमरेजिक सिस्ट’ असे दचकवणारे शब्द येतात. दिवस गेले तर हाच पीतपिंड पहिले आठ-दहा आठवडे, वार तयार होईपर्यंत, गर्भ टिकवून धरतो. तेव्हा पहिल्या सोनोग्राफीत बाळाच्या ठिपक्याबरोबर अंडाशयात एखादी सिस्ट दिसली, तर ती बहुधा त्या बाळाचीच सोय असते.

आता धोक्याचं बोलू. अशी गाठ कुणाला होते? ज्या बाईच्या अंडाशयातून दर महिन्याला अंडपेशी सुटते, तिला. म्हणजे पाळी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला, कधी ना कधी. बहुतेकींना पत्ताही लागत नाही; दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. ‘मी काय खाल्लं, काय चुकलं’ या प्रश्नाला या साध्या गाठींच्या बाबतीत उत्तरच नाही, कारण चुकलेलं काही नसतं.

पण संधी किती वेळा मिळते, हे मात्र बदललं आहे. बेव्हर्ली स्ट्रासमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात डोगॉन लोकांमध्ये राहून बायकांच्या पाळ्यांची नोंद ठेवली. तिथे गर्भनिरोधक साधनं नव्हती; आठ-नऊ बाळंतपणं आणि प्रत्येक मुलाला दीर्घ काळ अंगावर पाजणं. अशा बाईला आयुष्यात सुमारे शंभर पाळ्या येतात, असा हिशेब निघाला. आजच्या शहरी बाईला येतात चारशेच्या आसपास. आपल्या पणज्यांचा हिशेब डोगॉन बायकांच्याच जवळपास असणार. म्हणजे अंडाशयाला पुटिका फुगवण्याची आणि फोडण्याची इतकी कामगिरी माणसाच्या इतिहासात पूर्वी कधी पडली नव्हती. कामाच्या खेपा चौपट झाल्या की एखादी खेप अर्धवट राहणारच. यावरून कुणी ‘पूर्वीच्या बायका कशा’ असा सूर लावू नये. त्या पणज्या बाळंतपणात मरतही होत्या.

खेपा थांबवल्या तर? गर्भनिरोधक गोळ्या तेच करतात, आणि म्हणून त्या चालू असताना अशा नव्या गाठी कमी होतात. मात्र आधीच झालेली गाठ गोळ्यांनी लवकर जिरते, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. ती आपल्या वेळेनेच जाते. उलट तांबीच्या जागी बसवलं जाणारं संप्रेरक सोडणारं साधन असेल, तर पाळी कमी होते पण पुटिका वाढणं पूर्ण थांबत नाही, आणि अशा गाठी थोड्या जास्तच दिसतात. मूल व्हावं म्हणून अंडाशयाला चेतवणारी औषधं चालू असताना पुटिका एकाच्या जागी डझनाने फुगतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन हेही पाळी असलेल्या बायकांत असंच करू शकतं. थायरॉइड फारच कमी झाला असेल आणि उपचार झालेले नसतील, तर त्याला जागं करण्यासाठी पियुषिका जे संप्रेरक ओतते, ते इतकं वाढतं की अंडाशय त्यालाही आपल्याचसाठी आलेला निरोप समजतो. काही मुलींमध्ये अशा मोठमोठ्या गाठी नुसत्या थायरॉइडच्या गोळीने विरल्या आहेत. आणि कधी कधी सातव्या-आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, पोटातल्या बाळाच्याच अंडाशयात सिस्ट दिसते! आईच्या आणि वारेच्या संप्रेरकांचा तो प्रसाद. जन्मानंतर काही महिन्यांत बहुतेक ओसरतो.

इथवर सगळ्या गाठी अंडाशयाच्या रोजच्या कामातून आलेल्या. यापुढच्या नव्हेत, आणि त्यातली सर्वांत अचाट म्हणजे डर्मॉइड.

डर्मॉइड गाठ कापली की आत केस निघतात. कधी झुपकाभर, कधी लांबसडक. त्यांच्याभोवती पिवळट स्निग्ध पदार्थ असतो. शरीराच्या उबेत तो पातळ असतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी ट्रेमध्ये ठेवला की थंडीतल्या खोबरेल तेलासारखा बघता बघता थिजतो. बरेचदा दात सापडतात, चांगले मुळासकट. हाडाचा तुकडा, कूर्चा, थायरॉइडची ऊती, मेंदूची ऊतीसुद्धा. इजिप्तमध्ये अमार्ना इथल्या दफनभूमीत सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या एका तरुणीच्या सांगाड्यात कटिभागात असे दात सापडले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या हातात बेस देवतेची सोन्याची अंगठी होती. बेस म्हणजे बाळंतिणींचा रक्षक देव. ती अंगठी मूल व्हावं म्हणून होती की पोटातल्या दुखण्यावर, कोण सांगणार.

पोटात दात-केस निघाले की आजही कुजबुज होते. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर फारच. खरी गोष्ट त्या कुजबुजीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. अंडपेशी जन्माआधीपासून एका अर्धवट विभाजनात थांबून राहिलेली असते. क्वचित एखादी, कुणी न बोलावता, आपणहून पुढे निघते आणि विभागू लागते. शुक्रपेशीचा संबंध नाही, पुरुषाचा संबंध नाही. लिंडर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या गाठींची गुणसूत्रं तपासून हे दाखवून दिलं: गाठीत सगळं आईचंच, तेही एकाच अंडपेशीतून आलेलं. शरीराचा प्रत्येक प्रकारचा भाग बनवण्याची कृती त्या पेशीत असतेच. ती एकटीच कामाला लागते. त्वचा करते, दात करते, पण माणूस काही तिला जमत नाही.

का जमत नाही, याचं उत्तर आणखी एका गाठीत आहे. १९७७ मध्ये काजिई आणि ओहामा या जपानी शास्त्रज्ञांनी द्राक्षगर्भाचं कोडं उलगडलं. द्राक्षगर्भ म्हणजे दिवस गेल्यासारखं सगळं होतं, पण गर्भाशयात बाळाऐवजी द्राक्षांसारखे घोस वाढतात. पूर्ण द्राक्षगर्भात गुणसूत्रं सगळी बापाची असतात, आईची गळून गेलेली. दोन अपघात शेजारी ठेवून पाहा. फक्त आईचं असेल तर दात, केस, कातडी होतात, वार नाही. फक्त बापाचं असेल तर वारेसारखी ऊती बेसुमार वाढते, बाळ नाही. सस्तन प्राण्यांत काही जनुकांवर ‘हे आईकडून’, ‘हे बापाकडून’ असे शिक्के असतात आणि दोन्ही शिक्क्यांची जनुकं असल्याशिवाय जीव उभा राहत नाही, हे पुढे १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालं. आणि वर्तुळ असं पुरं होतं की द्राक्षगर्भाची ती ऊती गर्भारपणाचं संप्रेरक इतकं ओतते की दोन्ही अंडाशय पुन्हा मोठमोठ्या पाण्याच्या गाठींनी भरून जातात. द्राक्षगर्भ काढला की त्या जिरतात.

डर्मॉइडची अजून एक करामत २००७ मध्ये उघड झाली. धडधाकट तरुण मुली अचानक भ्रमिष्टासारख्या वागू लागतात, भास होतात, बोलणं तुटतं, झटके येतात, श्वास मंदावतो. आपल्याकडे अशी मुलगी आधी देवऋषाकडे नेली जाणार आणि मग मानसोपचार वॉर्डात. न्यूरॉलॉजिस्ट जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच मुलींच्या अंडाशयात अशी गाठ असते आणि गाठीत मेंदूची ऊती. रोगप्रतिकारशक्ती त्या भलत्या जागच्या मेंदूवर तुटून पडते, आणि तिने तयार केलेली प्रतिद्रव्यं डोक्यातल्या खऱ्या मेंदूलाही सोडत नाहीत. प्रतिद्रव्यांवरच्या उपचारांबरोबर गाठही काढली की कितीतरी जणी शुद्धीवर येतात, घरी जातात, परीक्षा देतात. प्रत्येक रुग्णात गाठ असतेच असं नाही. तरीही वेड्यासारखं वागणाऱ्या मुलीच्या ओटीपोटाची सोनोग्राफी करा, असं सांगणारा डॉक्टर एकेकाळी स्वतःच वेडा ठरला असता.

डर्मॉइड साधारण विशी ते चाळिशीत सापडते, वर्षाला एक-दोन मिलिमीटर या संथ गतीने वाढते आणि शंभरातल्या एक-दोनच कॅन्सरकडे वळतात. ती का होते, कुणाला होते, यावर आपल्या वागण्याचा काही ताबा नाही.

चॉकलेट सिस्टची गोष्ट दुःखाची आहे, कारण तिच्यात वेदना फार. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर रुजते, दर महिन्याला तिथेही रक्त सुटतं आणि बाहेर जायला वाट नसल्याने साठून दाट तपकिरी होतं. अमेरिकेत ऑल्बनी इथे जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचं वर्णन केलं आणि नंतर मांडलं की पाळीचं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं. ते बहुसंख्य बायकांत जातं, हे पुढे कळलं. मग थोड्यांनाच हा आजार का, याचा शोध चालूच आहे. इथे धोक्याचे काही ठोकताळे मात्र आहेत: पाळी लवकर सुरू झालेली, दोन पाळ्यांतलं अंतर कमी, आई किंवा बहिणीला तोच त्रास. ‘लग्न झालं की थांबेल, मूल झालं की थांबेल’ असं ऐकत मुली वर्षानुवर्षं काढतात. शाळा-कॉलेज बुडवावं लागेल इतकं पाळीत दुखणं हे ‘असतंच’ या सदरात टाकायचं नसतं. आणि शस्त्रक्रिया ठरली, तर गाठीबरोबर चांगल्या अंडपेशींचा साठाही थोडा जातो. मूल हवं असेल तर हे आधी बोलून घ्यावं.

पीसीओडीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात बायकांच्या नोंदींवरून ते मांडलं. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेला दिसणारी बारीक वर्तुळं म्हणजे वाढता वाढता थबकलेल्या पुटिका. त्यांना ना काढायचं असतं, ना त्या फुटून काही होतं. बिघाड संप्रेरकांचा आणि इन्शुलिनचा, आणि साधारण दहा जणींमागे एकीला असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा अंडाशय मुळातच पुटिकांनी भरलेला असतो, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे नेमकं त्याच वयात ते केलं जातं.

मग राहतात त्या अंडाशयाच्या पृष्ठभागावरच्या पेशींसारख्या पेशींपासून वाढणाऱ्या, पाण्याने किंवा बुळबुळीत द्रवाने भरलेल्या गाठी. यांना मर्यादा माहीत नसते. हळूहळू वाढणाऱ्या वस्तूला पोट निमूटपणे जागा करून देतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इस्पितळात कॅथरीन ओहॅनलन यांनी एका ३४ वर्षांच्या बाईच्या उजव्या अंडाशयाची १३७.६ किलोची गाठ न फोडता, अख्खी बाहेर काढली. गिनेस बुकात तिची नोंद आहे.

पण सगळ्या पोटाच्या शस्त्रक्रियांची आजी म्हणावी ती १८०९ ची. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जेन टॉड क्रॉफर्ड या पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांच्या बाईंना दिवस भरून उलटून गेले आहेत असं सगळे समजत होते. डॉक्टर इफ्रेम मॅकडॉवेल यांनी तपासून सांगितलं की हे मूल नाही, अंडाशयाची गाठ आहे; अशी गाठ काढून कुणी जगल्याचं मला माहीत नाही; तुमची तयारी असेल तर माझ्या गावी या, मी प्रयत्न करतो. डिसेंबरच्या थंडीत ती बाई घोड्यावर बसून सुमारे साठ मैल गेली, गाठीचा भार खोगिरावर टेकवत. नाताळच्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. भूल अजून शोधली जायची होती, जंतू ठाऊक नव्हते. पंचवीस मिनिटांत पोट उघडून सुमारे दहा किलोची गाठ बाहेर आली. जेनबाई त्या वेळी बायबलमधली स्तोत्रं म्हणत होत्या. पाचव्या दिवशी मॅकडॉवेल बघायला गेले तर त्या उठून स्वतःचं अंथरूण आवरत होत्या. पंचविसाव्या दिवशी घोड्यावरून घरी. नंतर तीस वर्षांहून अधिक जगल्या.

त्याच केंटकी राज्यात पावणेदोन-दोन शतकांनी उलट्या बाजूचं मोलाचं काम झालं. केंटकी विद्यापीठाने पन्नाशी आणि त्यापुढच्या, काही त्रास नसलेल्या १५,१०६ बायकांची पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली. २,७६३ जणींमध्ये, म्हणजे शंभरात अठरा, एकाच कप्प्याची पातळ भिंतीची सिस्ट सापडली. त्यातल्या जवळजवळ सत्तर टक्के गाठी आपोआप गेल्या. आणि नुसती अशी साधी गाठ, जिच्यात पुढे काही बदल झाला नाही, तिचा एकीतही कॅन्सर झाला नाही. २००३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पाळी गेल्यानंतरची गाठ म्हणजे काढायचीच, हा तोवरचा शिरस्ता होता.

खरी काळजी आहे ती भिंत जाड असेल, आत भरीव भाग असेल, पडदे असतील, त्या भागात रक्त खेळत असेल, पोटात पाणी असेल तेव्हा. वय जितकं जास्त तितकी ती मोठी. आणि घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर अधिकच: बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या बाईला आयुष्यात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या घरात जाते. एरवी ती शंभरात एकीच्या आसपास. आणि त्यातही नवल असं की अंडाशयाचा सर्वांत घातक कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो गर्भनलिकेच्या टोकाशी. साधी सिस्ट बिघडून तो होत नाही. म्हणूनच सगळ्या बायकांची सरसकट तपासणी करून फारसं हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर ते करून पाहिलं, आणि २०२१ मध्ये लागलेला निकाल असा की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

सीए-१२५ या रक्ततपासणीचंही तेच. तिचा आकडा कॅन्सरमध्ये वाढतो, तसा चॉकलेट सिस्टमध्ये, फायब्रॉइडमध्ये, ऐन पाळीतही वाढतो. आणि आपल्या देशात महत्त्वाचं म्हणजे पोटाच्या क्षयरोगात तर भरमसाट वाढतो. पोटात पाणी, ओटीपोटात गोळा आणि आकडा पाचशे, असं सगळं जुळून आलेल्या बाईला अखेर टीबीच्या गोळ्यांनी बरं वाटलं, हे इथल्या डॉक्टरांना नवीन नाही.

भीतीचा धंदा मात्र होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याचं त्या बायका बोलल्या. पिशवीबरोबर तरुणपणीच अंडाशयही गेले, की हाडं आणि हृदय दोन्ही वेळेआधी म्हातारी होतात. फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईला याची किंमत काय पडते, ते वेगळं सांगायला नको.

थांबायचं नसतं अशी एक वेळ आहे. गाठीच्या वजनाने अंडाशय आपल्या देठावर पिळला जातो आणि रक्तपुरवठा तुटतो. हे डाव्यापेक्षा उजवीकडे जास्त होतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ, जोडीला उलट्या, तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा. अपेंडिक्स समजून सकाळपर्यंत वाट बघायची नाही. पूर्वी काळानिळा पडलेला अंडाशय मेला म्हणून काढून टाकत. आता पीळ सोडवून तो जागीच ठेवतात, आणि बऱ्याचदा तो पुन्हा कामाला लागतो. कळ येऊन चक्कर, पोट फुगणं, घाम, असं झालं तर गाठ फुटून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता. तिथेही घाई हवी.

एरवी पाळी चालू असलेल्या बाईची पाच सेंटिमीटरच्या आतली साधी सिस्ट बहुधा पुन्हा बघायचीही गरज नसते. पाच ते सातमधली असेल तर डॉक्टर काही काळाने परत सोनोग्राफी सांगतात. ती पाळी संपल्या संपल्या करावी, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. दोन पाळ्यांच्या मध्यावर गेलात, तर त्या महिन्याची नवी पुटिकाच मोजली जायची.